वर बघणारी आणि खाली बघणारी

तंजावूर, २० मे २०२६

गायत्री,

पत्राच्या माथ्यावर 'अनेक आशीर्वाद' लिहायला आप्पांनी शिकवलं होतं. पण तुला आशीर्वाद देण्याइतकी मी मोठी राहिले की नाही कोण जाणे, म्हणून नुसतं नाव लिहिते.

फोन तू उचलत नाहीस. उचलला असतास तरी हे मला बोलता आलं नसतं. आप्पा लायब्ररीतून मोडीचे कागद उतरवून घरी यायचे आणि आपल्या दोघींना बसवून देवनागरी गिरवायला लावायचे, तेव्हा आपण किती रडायचो! 'इथं ही लिपी कोण वाचतंय' म्हणून. आता तोच फायदा आहे. तुझा भाचा, माझा सतीशकुमार, मराठी बोलतो, पण हे पत्र त्याच्या हाती पडलं तर त्याला किराण्याची यादी वाटेल. ह्या गल्लीत हे वाचणारी मी एकटी आणि कोत्तगिरीच्या डोंगरावर तू एकटी.

कारण सांगते. परवा अनिरुद्धरावाचा फोन आला. आप्पांचं श्राद्ध दर वर्षी तोच करतो, गावच्या घरी. आपल्याला भाऊ नाही म्हणून चुलतभावावर पडलेलं काम, पण एक वर्ष चुकवलं नाही त्यानं. म्हणाला, "अक्का, अत्ता अधिक महिना लागलाय, का मणजे ज्येष्ठच अधिक आलाय. आप्पाची तिथी पुढं गेली. अमचं चांद्रमान असंच की, तिथी कोठं तरी पळत असते. तुज्ज आठवतं का, पैल्या वर्षश्राद्धाला आंबे संपून गेले होते, आणि तिसऱ्या वर्षी आंबे ठेवायला जागा नव्हती?"

मी हो हो म्हटलं, फोन ठेवला आणि कॉफी करायला गेले. दूध उतू गेलं. आंबे डोक्यातून जाईनात.

कपाटातून जुनी वही काढली. आप्पा गेले त्या संध्याकाळी मागच्या दारी खाटेवर होते. कालव्याकाठच्या मरुदाच्या झाडावरून वटवाघळं निघाली, आणि त्यांनी विचारलं, "सगळी गेलीं का ग?" ते शेवटचं बोलणं. म्हणून दर तिथीला, श्राद्धाचं जेवण उरकलं की आपण दोघी त्या झाडाखाली बसून वटवाघळं मोजायचो. २०१३ साली चारशे दहा. २०१४ साली तीनशे तीस. २०१५ साली दोनशे चौसष्ट. दर वर्षी पाचातले चार उरतात, एक जातो. लॉगरिदम घेतले तर तिन्ही ठिपके एका रेषेवर. तीस वर्षं कॉलेजात गणित शिकवलं, पण इतकी सरळ रेषा मला फळ्यावरसुद्धा कधी मिळाली नव्हती. मी किती खूश झाले होते, तुला आठवत असेल. मला आठवायची लाज वाटते.

आता तारखा बघ. तिथी एकच, ज्येष्ठ वद्य नवमी. पण पहिल्या वर्षी ती आली एक जुलैला, दुसऱ्या वर्षी वीस जूनला, तिसऱ्या वर्षी दहा जूनला. मी 'एक वर्ष, एक वर्ष' म्हणून मांडत गेले आणि तिथी दर खेपेला दहाअकरा दिवस मागे सरकत होती. शेजारपाजारचे तमिळ लोक सौर महिना धरतात, त्यांच्या हातून ही चूक झाली नसती. चौथ्या वर्षी अधिक महिन्यामुळे तिथी परत पुढे गेली असती आणि माझी रेषा मोडली असती. पण चौथ्या वर्षी मोजायला झाडच नव्हतं.

वीस दिवसांनी काय एवढा फरक पडतो, असं तू विचारणार नाहीस. तू प्राणिशास्त्राची बाई. फेब्रुवारी-मार्चमध्ये झालेली पिल्लं जूनच्या सुरुवातीला झाडावरच लटकलेली असतात आणि जुलैपर्यंत उडायला लागतात. एक जुलैला मोजली ती पोरांसकट, दहा जूनला मोजली ती नुसती थोरली माणसं.

तेव्हा हे कुणालाच कळण्यासारखं नव्हतं.

तू बोलत नाहीस त्याचंही गणित मी मांडलंय, हसू नकोस. तू गेलीस त्या वर्षी चोवीस फोन, पुढच्या वर्षी बारा, मग सहा, मग तीन. दर वर्षी निम्मे. दहा वर्षं निम्मे करत आलं की वर्षाला एका फोनाचा त्रेचाळिसावा भाग उरतो, त्या हिशेबानं पुढचा फोन त्रेचाळीस वर्षांनी. मी आत्ता त्रेसष्टची आहे. एकशे सहाव्या वर्षी मला नीट ऐकू येत नसेल, तेव्हा मोठ्यानं बोल.

तिथी ह्या वर्षी नेमकी कधी ते लिहीत नाही. दर वर्षी कळवत होते, तू आली नाहीस. आता बोलावणार नाही.

अक्का

तंजावूर, ११ जून

गायत्री,

मागच्या पत्राला उत्तर नाही. अपेक्षा नव्हती असं लिहिणार होते, पण पोस्टमनची मोपेड वाजली की मी खिडकीशी जाते, हे समोरच्या घरानंही पाहिलंय.

पापनाशमच्या पुढे, आपल्या गावापासून सहा किलोमीटरवर एका तळ्याकाठी मोठं इलुप्पैचं झाड आहे. पुस्तकात त्याला मोह म्हणतात. मरुद तोडल्यावर वटवाघळं तिकडे गेली, असं अनिरुद्धराव फार पूर्वी म्हणाला होता. मी बघायला गेले नव्हते. काल गेले. काल दहा जून होता.

मोजायची आपली रीत तुला आठवते ना? तू आकाशाकडे बघायचीस आणि दर दहाला 'दहा' म्हणायचीस. मी मांडीवर दोन डबे घेऊन बसायची आणि एक चिंचोका ह्या डब्यातून त्या डब्यात टाकायची. वर बघणारीनं खाली बघायचं नाही, खाली बघणारीनं वर. नियम माझाच. काल एकटी होते, म्हणून डब्यांकडे न बघता हातानंच चिंचोके टाकले आणि वर बघितलं. गायत्री, तीन वर्षं मोजणी केली, त्यावर कागद लिहिला, आणि वटवाघूळ झाडावरून सुटताना मी काल पहिल्यांदा पाहिलं. आधी नुसतं पडतं, आणि मग पंख उघडतात.

एकोणीस चिंचोके पडले. एकशे नव्वद. थोरली निघून गेली तरी झाड गप्प झालं नाही. ओंजळीएवढी पोरं फांद्यांना लटकून किंचाळत होती. कितीतरी.

तळ्याच्या पायऱ्यांवर भुवनेश्वरी नावाची बाई फुलं विकते. मल्लिगैचे गजरे हातभर मोजून देते आणि बोट जरा जास्तच आखडते. मी उठायला लागले तर तमिळमध्ये म्हणाली, "अम्मा, तुम्हीही मोजता? ती दुसरी अम्मा ह्या वर्षी अजून आली नाही."

"कोण दुसरी अम्मा?"

"चष्मेवाली. डोंगरावरून येते म्हणते. आनी महिन्याच्या सतराव्या दिवशी येते, दर वर्षी. इथं बसते, बोटांवर मोजते, वहीत लिहिते, बसनं परत जाते. नऊदहा वर्षं झाली. माझ्या नातीला तिनं पेन दिलंय."

आनीची सतरा म्हणजे एक जुलै.

मी तिथेच पायरीवर बसले. तिनं मला पाणी दिलं. बस चुकली.

दहा वर्षं, गायत्री! तू तंजावूरच्या बसस्टँडवर उतरून बस बदलत होतीस. तिथून माझं घर रिक्षानं वीस मिनिटं. मी दर श्राद्धाला तुझ्यासाठी पान मांडायला लावायची आणि अनिरुद्धराव शेवटी ते उचलायचा. आणि तू दहावीस दिवस मागेपुढे सहा किलोमीटरवर बसून गेलेली असायचीस. रागावू की रडू ते कळेना, म्हणून परतीच्या बसमध्ये मी आधी रागावले आणि अर्ध्या वाटेपासून पुढे रडले. कंडक्टरनं सुटे पैसे न मागता तिकीट दिलं.

आणखी एक गोष्ट आहे. तुला तारीख ठरवून मोजायचं कळलं होतं. एकच तारीख, दर वर्षी. म्हणजे चूक कुठे आहे ते तुला केव्हाच सापडलं होतं. मला सांगावंसं वाटलं नाही?

अक्का

तंजावूर, २१ जून

गायत्री,

काल परत गेले. वीस जून. चोवीस चिंचोके. दोनशे चाळीस.

दोनशे चाळिसाला एकशे नव्वद. गुणोत्तर बघ, जवळजवळ ऐंशी टक्के. तेच. दहा दिवसांत, एकाच झाडावर, एकही वटवाघूळ मेलं नाही की बाहेरून आलं नाही, नुसती पोरं उडायला लागली. मी त्या तीन वर्षांत वटवाघळांचं मरण मोजलंच नाही. त्यांच्या पोरांचं मोठं होणं उलटीकडून मोजलं आणि त्याला मरण म्हटलं. खरी घट होती का? असेल. फवारे, तारा, तोडलेली झाडं, सगळं आहेच. पण किती, ते माझ्या तीन ठिपक्यांतून कुणालाही सांगता आलं नसतं. एक जुलैला तीनशे भरतील असं माझं आताचं गणित सांगतं. दहा वर्षांपूर्वीच्या कागदात मी २०२६ सालासाठी बावीस लिहिलं होतं.

तो कागद. त्याबद्दल लिहायचंच टाळते आहे, हे तुझ्या लक्षात आलं असेल. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

मरुद तोडून रस्ता रुंद करायची सभा. साहेब आले होते, खुर्च्या मांडल्या होत्या, मला प्रोफेसर म्हणून पुढे बसवलं होतं. मी माझा कागद दिला. मी तो झाड तोडायला दिला नव्हता, हे तुला ठाऊक आहे. वटवाघळं कमी होतायत, जपा, म्हणून दिला होता. साहेबानं खालची ओळ वाचली: २०२३ साली चव्वेचाळीस, २०३३ साली पाच. आणि म्हणाला, बाईच सांगतायत की ही संपणारच आहेत. जाणाऱ्यांसाठी येणाऱ्यांचा रस्ता का अडवायचा? लोक हसले. तू उठून उभी राहिलीस आणि माझ्याकडे बघितलंस. मी तेव्हा पिशवीत चष्मा शोधत होते, म्हणून माझं लक्ष गेलं नाही. असं मी तुला दहा वर्षं सांगत आले.

चष्मा नाकावर होता.

आणि पहिल्या पत्रात लिहिलं की 'तेव्हा हे कुणालाच कळण्यासारखं नव्हतं'. तेही खोटं. २०१५ च्या तिथीला, शेवटचा चिंचोका पडल्यावर तू म्हणाली होतीस, "अक्का, पिल्लं झाडावरच अहांत. आयक की, किती ओरडतात. ह्या वर्षी अमी लौकर आलो." मी म्हणाले, "उडतं ते मोज. नियम मणजे नियम." मला ओरडणं ऐकू आलं होतं. पण दोनशे चौसष्ट हा आकडा इतका नेमका बसत होता, बरोबर पाचातले चार, की मला आणखी काही ऐकायचं नव्हतं. माझी रेषा वाकडी झाली असती.

सभेत तू तेच सांगायला उभी राहिलीस. मी नुसतं 'हो, माझी बहीण म्हणते त्यात तथ्य असेल' म्हटलं असतं तरी सभा महिनाभर पुढे गेली असती. आणि मग पुढच्या जूनला रेषा मोडली असती. मला सगळ्यांसमोर धाकट्या बहिणीपुढे चूक ठरायचं नव्हतं. एवढंच कारण आहे. ह्याहून मोठं कारण शोधलं, सापडलं नाही.

मरुद पडला त्या दिवशी तू कालव्याकाठी होतीस आणि मी कॉलेजात पेपर तपासत होते. कुणी तरी येऊन सांगितलं की वटवाघळं दिवसभर गावावर घिरट्या घालतायत, उजेडात त्यांना बसता येत नाही. मी पुढचा पेपर उचलला. तू त्याच आठवड्यात कोत्तगिरीची नोकरी धरलीस.

मला तू हवी आहेस, गायत्री. गणिताबिणिताशिवाय लिहिते. संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकली की अजून दुसरीही टाकते.

अक्का

तंजावूर, ३० जून

गायत्री,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. आत्ता पापनाशमला जाऊन भुवनेश्वरीकडे ठेवणार आहे, डब्यांसकट. दोन्ही डबे, आणि चिंचोके सगळे. तुझं बोटांवर मोजणं मला पसंत नाही, शंभराच्या पुढे बोटं खोटं बोलतात.

उद्या एक जुलै. मी तिथे थांबावं असं चार वेळा ठरवलं. पायरीवर बसून तुझी वाट बघावी, तू बसमधून उतरशील, आणि मग काय करशील? मागे फिरशील, किंवा माझ्यासाठी बसशील. दोन्हींत वटवाघळं मोजायची राहतील. ती जागा तू दहा वर्षं जपलीस, तिथे मी तुला गाठणार नाही. सभेत मी तुझी जागा घेतली तेवढी पुरे.

माझी तिन्ही मागची पत्रं तू उघडलीस की नाही मला माहीत नाही. नसशील तर एवढंच वाच: पिल्लं झाडावर होती, मी ऐकलं होतं, आणि तू खरं बोलत होतीस. हे मी अनिरुद्धरावाला सांगितलं. त्या सभेतले साहेब आता कुठे आहेत माहीत नाही, पण पंचायतीत जाऊन माझ्या जुन्या कागदावर नवा कागद लावून आले, माझ्या सहीनं, 'आधीचं गणित चुकीचं आहे' म्हणून. कारकुनानं विचारलं, "अम्मा, झाड तर केव्हाच गेलं, आता कशाला?" मी म्हटलं, इलुप्पै अजून आहे. रस्ता अजून रुंद होणार आहे.

त्यानं शिक्का मारला.

उद्या ऊन फार असेल, टोपी घाल. भुवनेश्वरीकडून गजरा घेशील तर स्वतः मोजून घे.

अक्का

तंजावूर, २ जुलै

गायत्री,

आज सकाळी सातला भुवनेश्वरी माझ्या दारात. पापनाशमहून पहिल्या बसनं आली, गल्लीत तीन ठिकाणी विचारत. मी तिला बसवलं, कॉफी दिली. तिनं कॉफी अर्धी पिईपर्यंत मला धीर निघेना, आणि ती बाई मुद्दाम सावकाश पीत होती.

मग तिनं पदराची गाठ सोडली. केळीच्या पानाच्या तुकड्यात चिंचोके. एकतीस. माझं गणित तीस म्हणत होतं. एक जास्त आहे, आणि मला त्याचं काय करावं कळत नाही. हातात धरून बसले आहे.

"डबे?" मी विचारलं.

"डबे त्या अम्मानं ठेवून घेतले. तुमचं पत्र वाचलं, पायरीवरच. मग मोजलं. मग परत वाचलं. बस आली, गेली, ती बसूनच. शेवटच्या बसनं गेली." भुवनेश्वरीनं पेला खाली ठेवला. "तुम्हाला एक विचारून ये म्हणाली. आमच्याकडे पंचांग नाही म्हणाली. ह्या वर्षी आप्पांची तिथी कधी आहे?"

भुवनेश्वरी गेल्यावर मी अनिरुद्धरावाला फोन केला आणि नुसतं त्याचं नावच घेत राहिले. तो आपला घाबरून, "काय जालं अक्का, काय जालं?" मी म्हटलं, पान उचलू नकोस.

आता उत्तर लिहिते. स्पीड पोस्टानं टाकते, म्हणजे वेळेत मिळेल.

आठ जुलै, बुधवार. श्राद्ध गावच्या घरी, साडेअकराला. वडे आणि खीर अनिरुद्धरावाच्या घरून, डांगर पचडी मी करते, तुला लागते तशी आंबट. पापनाशमला उतर, मी स्टँडवर असेन. संध्याकाळी सहा वीसला तळ्याकडे निघू. डबे घेऊन ये.

ह्या वेळी मी वर बघते. तू चिंचोके टाक.

अक्का